कान्हेरवाडीचा तारांकित प्रश्न

९ ऑक्टोबर

विषय: दैनंदिनी सुरू करण्याबाबत.
संदर्भ: नाही.

बत्तीस वर्षे संदर्भाशिवाय एक ओळ लिहिली नाही, म्हणून हात अडखळतो आहे. दोन वर्षांपूर्वी मी आरोग्य खात्याच्या कार्यालयातून अधीक्षक म्हणून निवृत्त झालो. तेव्हापासून सकाळचा चहा, दोन वर्तमानपत्रं आणि जयवंताची, म्हणजे आमच्या मंडळींची, बोलणी एवढंच टपाल येतं. आजपासून काहीतरी नवं सुरू झालंय, म्हणून ही वही.

आमदार आरतीताईंनी बोलावलं होतं. पहिल्यांदाच निवडून आल्यात. अकोल्यातल्या त्यांच्या घरी गेलो तर ओसरीत पंचवीस माणसं आणि ताई आत एका प्लास्टिकच्या खुर्चीवर बसून कागदांशी झगडत होत्या. म्हणाल्या, "काकाजी, मागच्या अधिवेशनात मी सहा प्रश्न टाकले. सहाचंबी उत्तर एकच आलं, हे खरे नाही. मी काय खोटी बोलून राहिली का?"

मला हसू आलं. त्यांना वाटतं उत्तर मुंबईत तयार होतं. प्रश्न विधानभवनातून मंत्रालयात जातो, तिथून संचालकांकडे, तिथून जिल्ह्यात आणि शेवटी एका टेबलावर येऊन पडतो. त्या टेबलावरचा माणूस उत्तर लिहितो. मग तेच उत्तर सह्या गोळा करत जिना चढतं आणि एक दिवस मंत्री सभागृहात वाचतात. माझ्या नोकरीत पाच मंत्री माझी वाक्यं बोलून गेले. एकालाही माझं नाव ठाऊक नव्हतं आणि मला त्याचं वाईटही वाटलं नाही.

आता ताईंना मी प्रश्न लिहून द्यायचे आहेत. अशी पाचर मारायची की उत्तर देणाऱ्याला हलता येऊ नये. नाव कुठेही येणार नाही, ही माझी अट. जुन्या ऑफिसातल्यांना कळलं तर म्हणतील, खुशालराव फितूर झाले.

घरी सांगितलं. जयवंता अंबाडी निवडत होती. "चोराच्या वाटा चोराले ठाऊक," एवढंच म्हणाली. मी याला होकार समजलो.

१२ ऑक्टोबर

पहिला प्रश्न कान्हेरवाडीचा घ्यायचं ठरलं. तेल्हाऱ्याच्या बाजूला हे गाव, तिथे ग्रामीण रुग्णालय आहे. तीस खाटा, बाहेर बाग, आत ऑपरेशन थिएटर. त्या थिएटरला नऊ वर्षं भूलतज्ज्ञ नाही. भूल द्यायला कोणी नाही म्हणजे बाळंतीण अडली की साठ किलोमीटर अकोल्याला.

हे मला फाइलवरून माहीत होतं, पण घरातूनही माहीत आहे. जयवंताची भाची प्राजक्ता कान्हेरवाडीलाच दिलेली. चार वर्षांपूर्वी तिच्या पहिल्या वेळी रात्रभर कळा काढून सकाळी गाडीत घातलं, आणि अकोल्याला पोचेपर्यंत तिचं आणि पोराचं दोघांचंही काही खरं नव्हतं. वाचले. आता ती पुन्हा सहा महिन्यांची आहे. पहिलं सिझेर, म्हणून डॉक्टर म्हणतात दुसरंही सिझेरच होईल. जानेवारीची तारीख आहे.

प्रश्न लिहायला बसलो तेव्हा जयवंता म्हणाली, "सरळ इचारा ना, तिथं नऊ वर्षात किती सिझेर झाले."

मी तिला समजावलं की विधानसभेचा प्रश्न हा स्वयंपाकघरातला प्रश्न नसतो. त्याला चार अंगं असतात. पहिल्यात वस्तुस्थिती, शेवटी 'हे खरे आहे काय'. दुसरं 'असल्यास', तिसरं 'असल्यास', चौथं 'नसल्यास, विलंबाची कारणे काय'. ती म्हणाली, "मंग लिवा तुमच्या चार अंगाचा." आणि टीव्ही लावला.

१५ ऑक्टोबर

प्रश्न झाला. तीन दिवस लागले. 'कान्हेरवाडी येथील ग्रामीण रुग्णालयातील शस्त्रक्रियागृह भूलतज्ज्ञाअभावी मागील नऊ वर्षांपासून बंद असल्याचे निदर्शनास आले, हे खरे आहे काय' इथून सुरुवात. तीनदा वाचला. एक शब्द इकडचा तिकडे करायला जागा नाही. ताई म्हणाल्या, "काकाजी, वाचूनच घाम फुटीन त्यायले." मला बरं वाटलं. खोटं कशाला लिहू, फार बरं वाटलं.

७ नोव्हेंबर

दिवाळी, पाहुणे, जयवंताच्या गुडघ्याचं औषध यात वही राहून गेली. लिहिण्याजोगं असं काही घडलंही नव्हतं.

आज ताईंचा फोन. प्रश्नांच्या क्रमाच्या चिठ्ठ्या निघाल्या. आपला प्रश्न तारांकित मान्य झाला आणि नागपूर अधिवेशनात १२ डिसेंबरच्या यादीत पाचवा आला. तारांकित म्हणजे ज्याचं उत्तर मंत्र्याला सभागृहात उभं राहून द्यावं लागतं आणि वरून उपप्रश्नही विचारता येतात. तासाभरात सहसा चार-पाचच प्रश्न होतात, म्हणजे आपण अगदी उंबऱ्यावर आहोत.

संध्याकाळी जयवंतानं रोडगे केले, वांग्याची भाजी, वरण. दोन रोडगे जास्त झाले. निवृत्तीनंतर मी इतका आनंदात नव्हतो.

२४ नोव्हेंबर

आजचा दिवस लिहून ठेवण्यासारखा.

सकाळी दहाला सबीहाचा फोन आला. सबीहा म्हणजे माझ्या टेबलावर आता जी बसते ती. बावीस वर्षांची असताना टंकलेखक म्हणून आली, मीच तिला टिपणी लिहायला शिकवली. मी निवृत्त झालो तरी अवघड कागद आला की फोन करते. "सर, एक तारांकित आला आहे. उद्या दुपारपर्यंत उत्तर पाह्यजे."

आणि तिनं माझाच प्रश्न मला वाचून दाखवला.

चारही अंगं सावकाश, एकेक शब्द. वाचून झाल्यावर म्हणाली, "भल्ला बारीक प्रश्न आहे सर. ज्यानं लिवला त्याले ऑफिसची पूर्ण माहिती दिसते." मी म्हणालो, "असेल कोणीतरी." पण माझी छाती फुगली होती, हे इथे कबूल करतो.

"याचं उत्तर कसं लिवू सर? तिथली सगळी माहिती माझ्यापाशी आहे. नऊ वर्षांची. रजिस्टर मागवून घेतलं मी."

मी म्हणालो, "सबीहा, माहिती असणं वेगळं आणि देणं वेगळं." आणि मग मला राहवलंच नाही. असं पाहा, कुलूपही मीच बनवलेलं. ते उघडतं का हे दुसऱ्या कोणाला विचारू? प्रश्नात लिहिलंय 'शस्त्रक्रियागृह बंद'. आता त्या थिएटरात दरवर्षी फेब्रुवारीत कुटुंब नियोजनाचं शिबिर होतं. एक दिवस बाहेरून डॉक्टर येतात, टाक्याच्या जागेपुरती बधिर करायची सुई देऊन वीस-पंचवीस बाया उरकतात. म्हणजे थिएटर वापरात आहे. म्हणजे बंद नाही. पहिल्या अंगाला 'हे खरे नाही' म्हटलं की बाकी तिघांना आपोआप 'प्रश्न उद्भवत नाही'. मी तिला शब्दन् शब्द सांगितलं, स्वल्पविरामासकट.

तिनं ते लिहून घेतलं. मग म्हणाली, "आठ वर्षांआधी याच दवाखान्याचा प्रश्न आला होता सर. तवाबी तुमी हेच सांगतलं होतं. मीच टाइप केलं होतं."

"मग चांगलंच आहे. जुना नमुना काढ."

"असंच लिवू सर? पक्कं?"

"पक्कं."

फोन ठेवला तेव्हा मला तरतरी आली होती. साठीनंतरही डोकं चालतं म्हणायचं.

२५ नोव्हेंबर

जेवताना जयवंताला कालची गोष्ट सांगितली. मला वाटलं हसेल. ती भाताचा घास तसाच हातात धरून बसली.

"म्हंजे प्रश्न तुमी लिवला."

"हो."

"आन् उत्तरबी तुमीच देलं."

"तसंच म्हण."

"मंग आता प्राजक्ता कुठी बाळंत होईन?"

बत्तीस वर्षांची सवय असते, प्रश्न आला की त्याला बाहेर कसं काढायचं हे आधी सुचतं, तो कशाबद्दल आहे ते नंतर. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. तसाच उठून सबीहाला फोन लावला. म्हणालो, काल सांगितलेलं उत्तर जरा थांबव, बदलू. ती म्हणाली, "गेलं सर. साहेबांची सही झाली, बाराच्या आत मेलबी झाला." आणि वर म्हणाली, "सोबत टिपणीबी गेली."

टिपणी जातेच. मंत्र्याला उपप्रश्नासाठी माहिती हाताशी असावी म्हणून उत्तराबरोबर ती जोडतात. ती कोणी वाचत नाही. त्यामुळे तिकडे मी फारसं लक्ष दिलं नाही.

जयवंता दिवसभर माझ्याशी बोलली नाही. चहा मात्र दिला, साखर घालून. त्यामुळे जास्तच वाईट वाटलं.

१ डिसेंबर

ताईंना सांगावं की नाही, सहा दिवस हाच विचार. सांगितलं तर काम जाईल. त्या म्हणतील, माणूस दोन दगडांवर पाय ठेवून आहे. न सांगितलं तर बारा तारखेला सभागृहात मंत्री माझं वाक्य वाचतील, ताई खाली बसतील, आणि कान्हेरवाडीचा विषय आणखी आठ वर्षं संपेल. एकदा 'खरे नाही' छापलं गेलं की पुढच्याला तोच नमुना मिळतो. हे माझ्याइतकं कोणाला माहीत नाही.

११ डिसेंबर, नागपूर

सकाळच्या गाडीनं आलो. ताईंनीच बोलावलं होतं, उद्यासाठी गॅलरीचा पासही काढून ठेवला होता. मूर्तिजापूर गेलं, बडनेरा गेलं, डब्यात संत्र्याच्या टोपल्या चढल्या, आणि मी अख्ख्या वाटेत एकच वाक्य मनात जुळवत होतो, ते काही जुळलं नाही.

आमदार निवासात ताईंच्या हातात छापील उत्तर होतं. 'हे खरे नाही.' खाली तीन वेळा 'प्रश्न उद्भवत नाही.' स्वल्पविरामसुद्धा मी सांगितला तिथेच.

ताई म्हणाल्या, "पाहा काकाजी. यायनं आपल्या प्रश्नालेबी गुंडाळलं. कोण बसते बाप्पा तिथं इतकं डोकं लावाले?"

मी म्हणालो, "मीच."

मग सगळं सांगितलं. आठ वर्षांपूर्वीचंही. ताई ऐकत राहिल्या. मला वाटलं आता दरवाजा दाखवतील. त्यांनी पाणी पिऊन झाल्यावर विचारलं, "मंग हे उत्तर फुटते कुठून, थे तं तुमाले मालूम असनच?"

मी शिबिराची गोष्ट सांगितली. थिएटर बंद नाही, पण त्यात बाळंतपण होत नाही. आता उपप्रश्नाचे शब्द हवे होते. मी चार मसुदे केले, चारही लांब झाले. शेवटी मला जयवंताचं आठवलं. एका कागदावर लिहून दिलं: गेल्या नऊ वर्षांत तिथे किती सिझेरियन झाली? आकडा सांगा.

ताई म्हणाल्या, "हे बेस आहे. हे तुमी आधीच काहून नाही लिवलं?"

हे माझ्या बायकोचं आहे, असं सांगायचं राहून गेलं.

१२ डिसेंबर, परतीच्या गाडीत

अक्षर हलतंय, पण घरी जाईपर्यंत थांबवत नाही.

पहिल्या प्रश्नालाच वीस मिनिटं गेली. दुसरा रस्त्यांचा, त्यात आवाज चढले. तिसरा. चौथा पुकारला तेव्हा घड्याळात नऊ मिनिटं उरली होती आणि माझ्या बाजूला बसलेला गोंदियाचा माणूस झोपला होता. चौथा प्रश्न विचारणारे सदस्य जागेवर नव्हते. असं होतं कधी कधी. अध्यक्षांनी पाचवा पुकारला.

मंत्री उठले आणि म्हणाले, "अध्यक्ष महोदय, उत्तर पटलावर ठेवले आहे." ताई उठल्या. कागदाकडे पाहिलंही नाही. "अध्यक्ष महोदय, माझा साधा उपप्रश्न आहे. शस्त्रक्रियागृह बंद नाही असं मंत्रिमहोदय सांगतात. तर गेल्या नऊ वर्षांत तिथं किती सिझेरियन झाली, आकडा सांगावा."

मंत्र्यांनी मागे हात केला. मागून अधिकाऱ्यांच्या कक्षातून एक कागद आला. मला माहीत होतं काय होणार. टिपणीत गोल गोल भाषा असणार, मंत्री म्हणणार माहिती घेऊन पटलावर ठेवू. मीही नेहमी तसंच लिहायचो.

मंत्री कागद पाहत उभे राहिले. पान उलटलं. परत पहिल्या पानावर आले. आणि वाचलं, "नऊ वर्षांत सिझेरियन... शून्य. या काळात अकोल्याला पाठवलेल्या गर्भवती महिला, चौदाशे सव्वीस. त्यापैकी रस्त्यात प्रसूत झालेल्या, एकतीस."

सभागृहात दोन्ही बाजूंनी आवाज झाला. मंत्र्यांच्या चेहऱ्यावरून दिसत होतं की हे आकडे त्यांनाही तिथेच पहिल्यांदा कळले. मला मनापासून सांगायचं तर त्यांची कीव आली. पण ते चांगले वागले. म्हणाले, पंधरा दिवसांत भूलतज्ज्ञ देण्यात येईल. ताईंनी लगेच विचारलं, कायमचा का? त्यावर, तपासून कार्यवाही करू. तेवढ्यात वेळ संपली.

बाहेर ताईंनी मला वाकून नमस्कार केला, चार लोकांदेखत. म्हणाल्या, "काकाजी, तुमी सांगतलं म्हणून फुटलं." उपप्रश्न असा नेमका बसायला अनुभव लागतो, हे खरंच आहे. एकतीस हा आकडा मात्र डोक्यातून जात नाही. नऊ वर्षांपैकी आठ वर्षं माझ्या पहिल्या उत्तरानंतरची आहेत. गाडीत चहा घेतला, तो पूर्ण प्यायला नाही.

१६ डिसेंबर

नागपूरहून आणलेली संत्री घेऊन जुन्या ऑफिसात गेलो. सबीहाला द्यायची होती. मनात असं की, सहज म्हणून विचारावं, शून्याचा आकडा टिपणीत गेलाच कसा. बहुधा घाईत रजिस्टरचा गोषवारा तसाच जोडला गेला असावा, असा माझा अंदाज.

सबीहाच्या टेबलावर कारणे दाखवा नोटीस होती. उत्तर आणि टिपणी यांत तफावत का, तीन दिवसांत खुलासा करावा.

मी खुर्ची ओढली. "आण इकडे, खुलासा मी लिहून देतो. टंकलेखनातील अनवधान असं दाखवू."

ती म्हणाली, "नाही सर. मी लिवला." आणि मला दाखवला. दोन ओळी. टिपणीतील माहिती खरी असून ती मी रजिस्टरवरून स्वतः घेतली आहे. उत्तरातील मजकूर जुन्या नमुन्यावरून घेतला, तो घ्यायला नको होता.

मी त्यात दुरुस्ती शोधत होतो. नव्हती.

"माझं नाव का नाही लिहिलंस? मी सांगितलं होतं फोनवर."

तिनं संत्रं सोलायला घेतलं. खाली पाहूनच बोलली. "सर, प्रश्न वाचला तवाच मले समजलं होतं का हा तुमचा आहे. अकोल्यात असा प्रश्न दुसरं कोण लिवते? मी खुश झाली. म्हटलं सर आता सुटले, आता खरं इचारून राहिले. म्हणून मुद्दाम फोन केला. मले वाटलं तुमी म्हणसान, सबीहा, यावेळी खरं लिव. तुमी म्हटलं असतं तं मी उत्तरातच लिवलं असतं."

मी तिचा खुलासा टेबलावर ठेवला.

"दोनदा इचारलं मी."

हो, दोनदा विचारलं होतं. वरच्या पानावर माझ्याच हातानं लिहिलं आहे आणि लिहितानाही मला दिसलं नव्हतं. मी तिला फक्त उत्तरं आणि टिपण्या लिहायला शिकवलं. टिपणीत खरं लिहिण्याची हिंमत तिला कुणी शिकवली ते मला माहीत नाही, मी तर नक्कीच नाही. लाज वाटली, आणि त्याच वेळी तिचा इतका अभिमान वाटला की डोळ्यांत पाणी आलं. संत्र्याचा शिंतोडा उडाला असं म्हणालो. ती बरं म्हणाली.

१७ डिसेंबर

सकाळी चहा झाल्यावर अर्ज लिहिला. अर्धं पान. दिनांक २४ नोव्हेंबर रोजी सदर उत्तर मी दूरध्वनीवरून सांगितले, तसेच आठ वर्षांपूर्वीचे उत्तरही माझेच, सबब जबाबदारी माझी. जयवंताला वाचून दाखवला. "पेन्शन तं नाही ना थांबवणार?" एवढं विचारून तिनं माझा इस्त्रीचा शर्ट काढून दिला.

स्वतः साहेबांच्या हातात दिला. नवे साहेब आहेत, अमरावतीचे, तरुण. दोनदा वाचून म्हणाले, "खुशालराव, आता निवृत्त माणसाले मी नोटीस कोणत्या नियमानं देऊ? आणि प्रश्न लिहिणाऱ्यानंच उत्तर सांगितलं हे वर कळवलं तं माझ्यावर कोण विश्वास ठेवीन?"

मी म्हणालो, "ते तुमचं तुम्ही बघा. पण कागद फायलीला लावा."

त्यांनी आवक क्रमांक टाकून घेतला. मी पोच घेतल्याशिवाय उठलो नाही.

२६ डिसेंबर

सबीहाची नोटीस समज देऊन नस्तीबद्ध झाली, म्हणजे प्रकरण मिटलं. तिनं फोन करून सांगितलं. वर असंही म्हणाली की साहेबांनी आता प्रत्येक उत्तरासोबत रजिस्टरची प्रत मागायला सुरुवात केली आहे, त्यामुळे काम वाढलं. कुरकुर करत होती पण आवाज चांगला होता.

भूलतज्ज्ञाचा आदेश निघाला. अमरावतीहून येणार, आठवड्यातून चार दिवस.

४ जानेवारी, कान्हेरवाडी

काल सकाळी साडेदहाला प्राजक्ताला मुलगी झाली. सिझेरनं, आणि इथेच. सासरच्या घरापासून दवाखाना चालत सात मिनिटं, आणि ती खरोखर चालतच आली म्हणे, सासूचा हात धरून. तिच्या आधी त्याच आठवड्यात दोघी बाळंत झाल्या होत्या, एक बाळापूरची माहेरवाशीण आणि एक इथल्याच शिंप्याची सून. जयवंता कालपासून वॉर्डातच आहे आणि नर्सला स्वयंपाक शिकवते आहे.

दुपारी जयवंता घरी जेवायला गेली, तेव्हा मी प्राजक्ताच्या खाटेजवळ बसलो होतो. तिला सांगायचंच होतं, म्हणून सांगून टाकलं. आठ वर्षांपूर्वी विधानसभेत या दवाखान्याचं काहीच बिघडलेलं नाही असं जे उत्तर गेलं ते मी लिहिलं होतं. तुझ्या पहिल्या वेळी इथे डॉक्टर नव्हता त्यात माझा वाटा आहे. आणि या खेपेलाही प्रश्न मी लिहिला तसं उत्तरही मीच सांगितलं. सबीहा नावाच्या एका बाईनं वाचवलं.

तिनं सगळं ऐकून घेतलं. रागावली नाही आणि जाऊ द्या असंही म्हणाली नाही. मुलीच्या अंगावरचं पांघरूण सारखं केलं.

मग विचारलं, "मावसाजी, हा डॉक्टर राहीन का? का अधिवेशनापुरताच आला?"

माझ्याजवळ अशा वेळची बरीच वाक्यं तयार असतात. शासन स्तरावर कार्यवाही सुरू आहे, हे एक. मी म्हणालो, "मले माहीत नाही. आदेश तीन महिन्यांचा आहे. मार्चच्या अधिवेशनात ताई पुन्हा विचारतील. मी लिहून देणार आहे."

"इचारा," प्राजक्ता म्हणाली. मुलगी चुळबुळली, तिला तिनं कुशीत ओढून घेतलं आणि मला म्हणाली, "आन् यावेळी उत्तर कोणाले सांगू नका."